जुन्या काचेतला घास

“तिच्यावर तोंडाची वाफ नका सोडू हो,” मी म्हणाले.

विनीतरावांनी ऐकलं नाही. लेन्स तोंडाशी धरून त्यांनी ‘हाऽऽ’ केलं आणि झब्ब्याच्या टोकानं ती गोल गोल पुसली. हे सगळं आत्तींच्या खाटेजवळ, त्यांच्या पेजेच्या वाटीवर वाकून. मी ती वाटी उचलली आणि मोरीत ओतून आले. दुसरी पेज वाढली.

“काकू, तुम्ही फारच सोवळ्याच्या बुवा,” ते हसले.

जावईमाणूस. त्याला काय बोलायचं? आमच्या थोरल्या दिरांच्या, धन्यकुमार भाऊजींच्या मुलीचा नवरा. पुण्यात मोठ्या पगारावर. घरात आले की पाट, तांब्या, पेढे. त्यांच्यापुढं आवाज चढवायची आमच्याकडं रीत नव्हती, आणि माझा आवाज मुळातच कधी चढत नाही.

“बघा तरी,” म्हणत त्यांनी लेन्स माझ्या डोळ्यांसमोर उजेडाकडं धरली.

काचेच्या आत, कडेला, पांढरट तंतू पसरले होते. कोळ्याचं पिल्लू आत मरून सुकावं तसे. मला शिसारी आली.

“बुरशी आहे की ही!”

“तीच तर गंमत आहे! ही साफ करायची नाही. हिच्यामुळं उजेड सांडतो. चेहरे कसे मऊ, दुधात भिजल्यासारखे येतात. लोक अशा काचा शोधत फिरतात, आणि तुमच्याकडं ही फळीवर डब्यात पडून होती.”

ती लेन्स आमच्या सासऱ्यांची, आप्पांची. कृष्णाकाठच्या आमच्या त्या गावात बस्तीसमोर, म्हणजे आमच्या जैन मंदिरासमोर, आप्पांचा फोटो स्टुडिओ होता. ते गेले, स्टुडिओ मोडला, कॅमेरा कुणी नेला ठाऊक नाही. ही एवढी लेन्स बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिली. विनीतरावांचा कॅमेरा मात्र नवा. आत रीळ नाही, सगळं आकड्यांचं काम. पण रूप जुन्या काळचं, कोपऱ्यात एक बारकी खिडकी. त्या खिडकीतून बघितलं की समोरचं माणूस मधोमध दोनदा दिसतं. लेन्स फिरवत फिरवत त्या दोन प्रतिमा एकीवर एक आणायच्या. जुळल्या की फोकस झाला. मलाही त्यांनी एकदा बघायला दिलं होतं. आत्तींचे दोन चेहरे एकमेकांकडं सरकत आले आणि एक झाले, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

“ह्या कॅमेऱ्याच्या स्वतःच्या कंपनीच्या लेन्सा माझ्यासारख्याला परवडत नाहीत,” ते म्हणाले. “म्हणून मी परक्या घेतो. ही रशियन, ही जपानी. आणि आता ही आजेसासऱ्यांची. हिला आटे आहेत, कॅमेऱ्याला खाचा. मधे ही रिंग घातली की बसते.”

रिंग पितळेची, स्वस्तातली वाटत होती. लावताना कुरकुरली.

“आजींचा फोटो आप्पांच्याच काचेतून काढायचा. काय कल्पना आहे, सांगा!”

खरं सांगायचं तर त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं होतं. त्यांनी डब्यातून लेन्स काढून आत्तींच्या हातात दिली, तेव्हा आत्तींनी चांगल्या हाताची मूठ तिच्यावर मिटून घेतली होती आणि किती वेळ सोडली नव्हती.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. वर्षभरापूर्वी झटका येऊन त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. माझे यजमान त्याच्या कितीतरी आधी गेलेले. त्यामुळं घरात मी आणि आत्ती दोघीच. त्यांचं अंग पुसायचं, पाठीच्या जखमांना मलम लावायचं, दिवसातून कितीदा चादरी धुवायच्या, सगळं माझ्याकडं होतं. ह्यातल्या कशाची मला कधी किळस आली नाही. लोकांना ते खोटं वाटतं. पण नाही आली.

आत्तींचं शरीर गेलं होतं, नियम गेला नव्हता. लहानपणी, परकर नेसायच्या वयात, मुनिमहाराजांसमोर श्रीफळ ठेवून त्यांनी नियम घेतला होता, दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही. संध्याकाळी समोरच्या बस्तीच्या दारात उपाध्ये, म्हणजे तिथले पुजारी, दिवा लावायचे, तो आत्तींच्या खाटेमागच्या खिडकीतून दिसायचा. तो लागला की गावातल्या जुन्या बायका हातातला घास ताटात ठेवून उठायच्या. आत्तींना झटका आल्यावर डॉक्टर म्हणाले होते, रात्री थोडं दूध द्या. मी दिवा लागल्यावर एकदाच वाटी तोंडाशी नेली. आत्तींनी ओठ असे मिटले की त्यांच्या हनुवटीला थरथर सुटली. नंतर मी कधी नेली नाही. बोलता येत नव्हतं, एका अंगावर वळता येत नव्हतं. ओठ मिटणं एवढंच त्यांच्या हातात उरलं होतं.

म्हणून मी भाऊजींना आधीच सांगितलं होतं. “फोटो काढायचा तर दुपारी काढा. चार वाजता आत्ती जेवतात. तेव्हा या.”

“येतो की,” भाऊजी म्हणाले होते.

भाऊजी चारला आले नाहीत. ‘येतीलच आता, जेवतानाचाच फोटो हवाय,’ म्हणून विनीतरावांनी मला पेज थांबवायला लावली. आले तेव्हा उन्हं खिडकीच्या गजांवर उतरली होती. अंगावर रेशमी झब्बा, खांद्यावर उपरणं, हातात वाळ्याच्या अत्तरात बुडवलेला रुमाल. उंबऱ्यावरच थांबले. त्यांना त्या खोलीत येऊन किती महिने झाले होते ते त्यांना आठवत नसावं, मला आठवत होतं.

“वास येतोय,” रुमालामागून ते म्हणाले.

“सकाळीच सगळं धुतलंय,” मी म्हणाले.

“तरी येतोय. उदबत्ती लाव एखादी.”

त्यांना तो फोटो कशासाठी हवा होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आमच्या श्रावक मंडळानं त्या वर्षी ‘मातृसेवा सन्मान’ ठेवला होता. आणि ज्याला तो मिळेल त्याला पुढं बस्तीच्या पंचांत घेतील, असं बोललं जात होतं. भाऊजींना पंच व्हायचं होतं. येताना ते घरून चांदीची वाटी घेऊन आले होते. आत केशर घातलेली तांदळाची खीर.

“आत्ती पेज घेतात,” मी म्हणाले.

“पेज फोटोत काय दिसणार? भिकाऱ्याला वाढल्यासारखं दिसंल,” भाऊजी म्हणाले. “बस म्हणताय कुठं, विनीतराव?”

“आजींच्या उशाशी. खाटेवर. हां, अजून जवळ. एक हात गालावर ठेवा, आणि चमचा ओठांपाशी.”

भाऊजींनी रुमाल खिशात घातला. खाटेच्या कडेवर, बूड टेकंल न टेकंल असे बसले. आईच्या गालावर हात ठेवायचा होता, तो बोटांच्या शेंड्यांनी ठेवला. गरम तव्याला बोट लावून बघावं तसा.

आत्ती त्यांच्याकडं बघत होत्या. मुलगा जवळ आला म्हणून त्यांचे डोळे उजळले होते. ते मला बघवलं नाही.

पहिल्यांदा विनीतरावांनी जपानी लेन्स लावली. खाट दारापासून जरा लांब, म्हणून ते दारातच उकिडवे बसले. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला, लेन्स फिरवली, बटण दाबलं. आवाज इतका हळू की पाल चुकचुकल्यासारखा. मग कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर बघितलं. ह्या कॅमेऱ्यात समोरचं थेट पडद्यावर दिसत नसे. काढून झाल्यावर काय आलं ते कळायचं.

“एकदम धारदार!” ते म्हणाले. “सासरेबुवा, बघा.”

भाऊजींनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मीही मागून डोकावले. फोटो खरंच धारदार होता. आत्तींच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. आणि भाऊजींच्या नाकपुड्या आवळलेल्या, वरचा ओठ दातांवरून वर चढलेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या. उकिरड्यावर पाय पडलेल्या माणसाचा चेहरा.

“हा नको,” भाऊजी म्हणाले.

“हसा थोडं. दुसरा काढू.”

दुसरा काढला, तिसरा काढला. हसले तरी नाक हसत नव्हतं. श्वास रोखून बसले तर डोळे वटारल्यासारखे यायचे. प्रत्येक वेळी ते उठून बाहेर सोप्यात जायचे, रुमालातून दीर्घ श्वास घ्यायचे आणि परत यायचे. वाळ्याचा तो गोड वास आत्तींच्या अंथरुणावर सांडत होता. मला मळमळायला लागलं.

“ही रशियन लावतो,” विनीतराव म्हणाले. तीतही नाक आलं.

“भाऊजी, उन्हं गेली,” मी म्हणाले. “आत्तींना आता मी पेज भरवते. राहिलेलं उद्या करा.”

“थांब गं जरा.”

“दिवा लागंल आता.”

“लागू दे की. आम्ही काय तिला जेवायला घालायलोय होय? फोटो तर काढायलोय,” भाऊजी म्हणाले. मग विनीतरावांकडं वळले. “ते बुरशीचं काय म्हणत होता तुम्ही? चेहरा मऊ येतो म्हणून?”

विनीतरावांनी मांडीवर हात मारला. “अरे हो! आजेसासऱ्यांची काच! मी वेडाच.”

मग ती काढली. रिंग अडकली. रिंग सोडवून घेण्यात, परत आटे बसवण्यात वेळ गेला. मी तेवढ्यात पेजेचा चमचा आत्तींच्या ओठांशी नेला, तर भाऊजी म्हणाले, “तोंड खरकटं करू नको, फोटोत दिसंल.” माझा हात बाजूला सारला. आत्तींनी माझ्याकडं बघितलं, मग मान जेवढी वळत होती तेवढी खिडकीकडं वळवली. त्या उजेड मोजत होत्या.

आप्पांच्या लेन्सनं पहिला फोटो निघाला.

“अरेच्चा,” विनीतराव म्हणाले. “खिडकीत बघताना तुमच्यावर जुळवलं होतं. पण पकडलंय मागचं. तुम्ही दोघं धूसर, आणि मागचे गज स्वच्छ. रिंग बारीक आहे बहुतेक. लेन्स फार आत बसते, म्हणून नजर पुढं निघून जाते.”

“बघू,” भाऊजींनी हात पुढं केला.

पडद्यावर त्यांचा चेहरा दुधात बुडाल्यासारखा दिसत होता. नाक नव्हतं, सुरकुत्या नव्हत्या. होती ती नुसती एक मऊ, सोनेरी, वाकलेली माया.

“हेच!” भाऊजी म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी बघितला नव्हता. “हेच पाहिजे. काय करुणा आलीय बघा! फक्त आईचं तोंड मिटलंय. घास जाताना दिसला पाहिजे.”

“आणि अजून थोडा अंधार हवा,” विनीतराव म्हणाले. “खोलीतला हा पिवळा बल्ब लावा. ही काच अंधारातच खुलते.”

मी खिडकीकडं बघितलं. समोर बस्तीच्या दारात उपाध्ये दिवट्यात तेल घालत होते. मग त्यांनी काडी ओढली.

“दिवा लागला,” मी म्हणाले. “आता नाही भाऊजी.”

“एकच घास.”

“एक कणसुद्धा नाही. आत्तींचा नियम आहे. तुम्हाला ठाऊक आहे.”

“तिला काय कळतंय आता? तिचं सगळं गेलंय. तुलाच कळतंय तेवढं.”

“काकू, एकच मिनिट,” दारातून विनीतराव म्हणाले. एक डोळा खिडकीला लावलेला, दुसरा मिटलेला. “हलू नका कुणी.”

मी चांदीची वाटी ओढून घेतली. पण चमचा भरून भाऊजींच्या हातात गेला होता. आत्तींनी ओठ मिटले. हनुवटी थरथरायला लागली. भाऊजींनी गालावरचा हात खाली घेतला आणि अंगठा एका गालात, बोटं दुसऱ्या गालात रुतवून दाबली. वासराला औषध पाजताना दाबतात तशी. ओठ उघडले. चमचा आत गेला.

पाल चुकचुकली.

“आला!” विनीतराव ओरडले. “सासरेबुवा, आला! अहो काय आलाय! हात बघा, गाल कसा कुरवाळल्यासारखा वाटतोय. आणि मागं खिडकीत तो दिवा, केवढा स्वच्छ!”

भाऊजी ताडकन उठले. मोरीवर जाऊन त्यांनी हात साबणानं दोनदा धुतले, रुमालाला पुसले. दोघंही पडद्यावर वाकून बघत सोप्यात गेले. मी खोलीचं दार लावून घेतलं.

दाराआड पुढं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सन्मानाचा समारंभ मंडळाच्या माडीवरच्या हॉलमध्ये दुपारी होता. मी रोज सकाळी बस्तीत दर्शनाला जाते आणि त्या दिवसापुरता एक छोटा नियम घेते. एखाद्या दिवशी मीठ नाही, एखाद्या दिवशी हिरवं नाही. त्या सकाळी मी नियम घेतला की आज कुणाची निंदा करायची नाही. का घेतला ते भगवंताला ठाऊक आणि मला ठाऊक. आत्तींपाशी शेजारच्या मुलीला बसवलं आणि गेले. जाऊबाई स्वतः बोलवायला आल्या होत्या. न जाण्यानं चर्चा झाली असती.

व्यासपीठाच्या मागच्या भिंतीवर तो फोटो होता. दारापेक्षा मोठा करून लावलेला. आत शिरताच वाळ्याचा वास आला. भाऊजी पहिल्या रांगेत, गळ्यात हार. विनीतराव लोकांना समजावत होते. लेन्स साठ-सत्तर वर्षांपूर्वीची, कंपनी परकी, कॅमेरा नवा, आजेसासऱ्यांचे डोळे आणि नातजावयाचा हात वगैरे. माणसं माना डोलवत होती. “काय ममता आहे हो!” “डोळ्यात पाणी आलं बघा.”

भाऊजींचा चेहरा त्या फोटोत दोन हात उंच, धूसर, सोनेरी. गालावरची बोटं प्रेमळ. आणि सगळ्या फोटोत स्वच्छ काय होतं, तर खिडकीचे गज आणि गजांतून दिसणारा बस्तीचा दिवा. ज्योतीचं टोक सुद्धा वेगळं दिसत होतं. मला वाटलं, ह्या दिव्याचा अर्थ ह्या दोघांना अजून दिसलेला नाही. दिसणार तरी कसा? भाऊजी कैक वर्षं रात्री दहाला जेवत होते, दाराला कडी घालून. विनीतरावांच्या पुण्यात जेवणाच्या वेळा घड्याळ ठरवतं. दोघांच्याही लेखी तो दिवा म्हणजे फोटोतली शोभा होती.

पण बायकांच्या बाजूला पुढं तारामती आक्का बसल्या होत्या. आत्तींच्या बालमैत्रीण. एकाच दिवशी, एकाच महाराजांसमोर, दोघींनी तो नियम घेतला होता. आक्कांना आता नीट चालवत नव्हतं, त्यामुळं आत्तींना बघायला येणं बंद झालं होतं. त्या दिवशी पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर आणलं होतं. त्या डोळ्यांवर हात धरून फोटोकडं बघत होत्या. अध्यक्ष हार घालायला पुढं झाले आणि आक्कांचा आवाज आला. मोठा नव्हता. पण म्हाताऱ्या बायकांचा आवाज पोचायचा तिथं पोचतो.

“अगं, खिडकीत दिवा लागलाय न्हवं?”

शेजारची म्हणाली, “होय की.”

“मग चंपीच्या तोंडात चमचा कसा?”

बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. ती सरकत पुरुषांकडं गेली. मी बघत होते. एकेक मान वर होत होती, दिव्यावर जात होती, दिव्यावरून चमच्यावर येत होती.

“दिवस बुडाल्यावर जेवायला लागल्या म्हणायच्या चंपाक्का,” मागून कुणीतरी म्हणालं. “म्हातारपणी भल्याभल्यांचं सुटतं.”

“एवढं व्रत, आणि शेवटाला एका घासापायी,” दुसरी म्हणाली.

तारामती आक्कांचा हात डोळ्यांवरून खाली आला होता. ओठ हलत होते. “चंपे, तू पण?” असं काहीतरी. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. एकटं पडल्यावर माणूस बघतं, तसं त्या बघत होत्या.

अध्यक्ष हार हातात धरून घुटमळले. भाऊजींनी माइक घेतला. त्यांना बोलायची सवय होती.

“हे पाहा,” ते म्हणाले. “शास्त्रात आजारी माणसाला सवलत असते. त्या संध्याकाळी आईनं मागितलं. भूक लागली म्हणून खूण केली. आता मला सांगा, आई मागते म्हटल्यावर मुलानं नियम बघायचा की माया? मी दिलं. पाप लागलं तर मला लागो.”

दोन-चार टाळ्या पडल्या. ‘वा’ पण आलं.

मी उठले. कधी उठले ते मला कळलं नाही. माझ्या आयुष्यात मी चार माणसांसमोर कधी बोलले नव्हते. माइककडं गेले नाही. तारामती आक्कांच्या समोर जाऊन खाली बसले. पण हॉल गप्प झाला होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

“आक्का,” मी म्हणाले, “आत्तींनी तो घास गिळला नाही.”

आक्का पुढं वाकल्या.

“मी दार लावून परत खाटेजवळ आले, तेव्हा त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. मला वाटलं, गेला पोटात. मी रडायला लागले. तर त्यांनी चांगल्या हातानं माझं बोट धरलं आणि आपल्या तोंडाशी नेलं.”

“मग?”

“मग तोंड उघडलं. घास तसाच होता. डाव्या गालात.”

“डाव्या?”

“डावी बाजू चांगली आहे त्यांची. उजव्या गालात काही राहिलं तर त्यांना कळत नाही. जिभेनं सगळं गोळा करून त्यांनी चांगल्या बाजूला आणून धरलं होतं. एक शीत आत जाऊ दिलं नव्हतं. लाळ सुद्धा गिळत नव्हत्या. ती ओठांच्या कडेनं उशीवर गळत होती. मी बोटानं एकेक शीत काढलं. केशराची काडी जिभेखाली अडकली होती, ती त्यांनीच जीभ उचलून दाखवली. मी ओलं फडकं आणलं, तर मान हलवली. पाणी नको. मग कोरड्या फडक्यानं जीभ पुसली, टाळू पुसला. त्या दिवशी चारची पेज झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्या तशाच राहिल्या.”



“मागितलं नव्हतं तिनं?” आक्कांनी विचारलं.

मला माझा सकाळचा नियम आठवला. घास कुणी घातला, गाल कसा दाबला, चार वाजता कोण आलं नाही, यातलं काही मी बोलले नाही. ते भिंतीवर लावलेलंच होतं.

“आत्तींना खूण करता येते,” मी म्हणाले. “ओठ मिटायची.”

आक्कांनी मान वर करून फोटोकडं बघितलं. गालात रुतलेला अंगठा आणि बोटं आता त्यांना कशी दिसली असतील, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. त्यांनी तोंड फिरवलं, पदर नाकाला लावला. त्यांच्या शेजारणीनं बघितलं आणि तिनंही तोंड फिरवलं. मग आणखी एकीनं. अध्यक्षांनी हार टेबलावर ठेवला, परत उचलला नाही.

भाऊजी माइकवर “अरे, पण...” म्हणाले, आणि थांबले. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट बघितलं. नाकपुड्या आवळलेल्या, वरचा ओठ चढलेला, नाकाच्या दोन्ही बाजूंना सुरकुत्या. आता समोर बुरशीची काच नव्हती.

आक्का काठी शोधायला लागल्या. “मला चंपीकडं घेऊन चल.”

“जिना आहे, आक्का.”

“बसत बसत उतरीन.”

आम्ही दाराशी आलो तेव्हा विनीतराव आडवे आले. घाबरले होते. गळ्यात तोच कॅमेरा, त्यावर तीच लेन्स.

“काकू, मला खरंच माहीत नव्हतं. मी दोन प्रतिमा जुळवत होतो. खिडकीत एवढंच दिसतं हो.” मग ती लेन्स चाचपत म्हणाले, “ही तुमची परत देऊ का?”

ती काच त्यांच्या झब्ब्याला घासत होती. आतली बुरशी तशीच असणार. तिच्यावरून अत्तराचा वास येतोय असं मला वाटलं. येत नसेलही.

“नको,” मी म्हणाले. “तुम्हीच ठेवा. माझ्या घरात अन्न असतं.”

त्या सन्मानाचं पुढं काय झालं, पंच कोण झालं, ते मी विचारलं नाही. आत्ती पुढच्या वर्षी गेल्या, भाऊजीही आता नाहीत. पण अजून कुणाच्या लग्नात वाळ्याचं अत्तर शिंपडलं की मी पानावरून उठते. आणि केशराची खीर मी पुन्हा केली नाही.

त्या दिवशी तारामती आक्का एकेक पायरीवर बसत खाली उतरल्या. घरी पोचलो तर शेजारची मुलगी दारातच वाट बघत होती. मी हातपाय धुतले, पेज ऊन केली. आक्का खाटेच्या कडेवर चांगल्या ऐसपैस बसल्या, नाकाला पदर न लावता. त्यांनी आत्तींचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“चंपे,” त्या म्हणाल्या, “मी अख्ख्या गावासमोर तुला वाईट म्हणणार होते की गं.”

आत्तींनी त्यांच्याकडं बघितलं. मग खिडकीकडं. मग माझ्या हातातल्या वाटीकडं बघून तोंड उघडलं.

गजांवर ऊन होतं. समोर बस्तीचा दिवा लागायला अजून अवकाश होता.